यंत्रांचे दप्तर

आजचे छत्रपती संभाजीनगर ज्या खडकी गावाच्या जागी १६१० साली वसविले गेले, त्या नगराचा संस्थापक मलिक अंबर हा सामान्य वाचकाला त्याच्या गनिमी युद्धपद्धतीमुळे आणि नहर-ए-अंबरी या भूमिगत जलवाहिनीमुळे परिचित आहे. परंतु मुलकी कारभाराच्या अभ्यासकांना त्याचे जे कार्य अधिक मोलाचे वाटत आले ते त्याच्या जमाबंदीचे. वसुली मक्त्याने देण्याची चाल मोडून, जमिनीची प्रत पाहून तिचा आकार ठरविण्याची जी पद्धत त्याने घातली, तिची आठवण दख्खनच्या महसुली इतिहासात पुढे दीर्घकाळ राहिली. कोणत्याही चांगल्या जमाबंदीच्या मुळाशी एकच तत्त्व असते: शेत कोणाचे, त्याच्या चतुःसीमा कोणत्या, त्याची प्रत काय आणि त्यास पाणी कोठून मिळते, हे एखाद्या वतनदाराच्या स्मरणावर किंवा मर्जीवर न सोडता, कोणासही वाचता व पडताळता येईल अशा दप्तरात नमूद झाले पाहिजे.

हेच तत्त्व आमच्या काळात एका अगदी निराळ्या क्षेत्रात, यंत्रांच्या अंतर्भागात, नव्याने प्रस्थापित झाले आहे. दुचाकीच्या डॅशबोर्डापासून वीजमापकापर्यंत आणि रुग्णालयातील मॉनिटरपासून कारखान्यातील नियंत्रण-पेटीपर्यंत, ज्या ज्या वस्तूत एखादा छोटा संगणक कायमचा बसविलेला असतो, तिला तंत्रज्ञ एम्बेडेड प्रणाली म्हणतात. अशा प्रणालीच्या बोर्डावर कोणते नियंत्रक आहेत, ते कोणत्या पत्त्यावर आहेत, त्यांच्या अमलाखाली कोणत्या चिपा जोडलेल्या आहेत आणि त्या किती वेगाने बोलू शकतात, याचा तपशील आता एका स्वतंत्र मजकुरी फाइलीत लिहिला जातो. तिला डिव्हाइस ट्री असे नाव आहे. या दप्तरातील सर्वांत बोधप्रद, आणि चुकल्यास सर्वांत त्रासदायक ठरणारी पाने सीरियल बसच्या नियंत्रकांची असतात. सबब प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम सीरियल बस म्हणजे काय, ते पाहू. एका चिपेने दुसऱ्या चिपेस माहिती द्यावयाची झाल्यास दोन मार्ग संभवतात. आठ, सोळा किंवा बत्तीस तारा शेजारी शेजारी ओढून सर्व बिटे एकदम पाठवावीत, हा एक. आणि एकाच तारेवरून ती एकामागून एक, ठरलेल्या तालात पाठवावीत, हा दुसरा. पहिला मार्ग वेगवान खरा, परंतु त्यास चिपेला पाय अधिक लागतात, बोर्डावर जागा अधिक लागते आणि खर्चही वाढतो. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात रंगीत दूरचित्रवाणी संचांत चिपांची संख्या वाढू लागली, तेव्हा आवाज, रंग आणि चॅनेल यांचे नियंत्रण थोड्या तारांत करण्याची गरज हॉलंडमधील फिलिप्स कंपनीस तीव्रतेने भासली आणि १९८२ साली तिच्या अभियंत्यांनी केवळ दोन तारांची एक योजना सिद्ध केली. हीच आय-टू-सी होय. छत्रपती संभाजीनगर या आमच्या शहरापासून पैठणच्या रस्त्याने जाताना लागणाऱ्या चितेगावात व्हिडिओकॉनचे दूरचित्रवाणी संच ज्या काळात तयार होऊ लागले, तो हाच काळ.

आय-टू-सीच्या दोन तारांपैकी एक घड्याळाची आणि दुसरी माहितीची. दोन्ही तारा प्रतिरोधकांच्या साहाय्याने सदैव उच्च दाबाकडे ओढलेल्या असतात आणि ज्याला बोलावयाचे असेल तो त्यांना खाली खेचतो. एकाच जोडीवर अनेक चिपा बसलेल्या असल्यामुळे प्रत्येकीस सात बिटांचा पत्ता दिलेला असतो. सात बिटांत १२८ पत्ते होतात. त्यांतील १६ राखीव असल्यामुळे ११२ उरतात. नियंत्रक प्रथम पत्ता उच्चारतो, त्या पत्त्याची चिप नवव्या ठोक्याला माहितीची तार खाली ओढून आपली हजेरी देते, आणि मग पुढील बिटांची देवघेव सुरू होते. मूळ योजनेतील वेग सेकंदास एक लक्ष बिटांचा होता. १९९२ च्या तपशिलात तो चार लक्षांपर्यंत आणि १९९८ मध्ये चौतीस लक्षांपर्यंत वाढविण्यात आला.

याच कुटुंबातील दुसरी पद्धत एसपीआय. ती मोटोरोला कंपनीच्या घरची असून तिच्यात साधारणतः चार तारा असतात आणि पत्त्याऐवजी प्रत्येक चिपेसाठी निवडीची वेगळी तार ओढलेली असते. तिसरी कॅन. मोटारगाडीतील तारांचे जंजाळ कमी करण्याच्या हेतूने जर्मनीतील बॉश कंपनीने १९८३ साली तिचे काम हाती घेतले आणि १९८६ साली डेट्रॉइट येथील अभियंत्यांच्या परिषदेत ती जगापुढे ठेवली. इंजिन, ब्रेक आणि डॅशबोर्ड यांतील नियंत्रकांनी दोन पिळलेल्या तारांवर परस्परांशी बोलावे, अशी तिची रचना आहे. या सर्व पद्धतींत एक गोष्ट समान असते. मुख्य प्रोसेसर स्वतः एकेक बिट पाठवीत बसत नाही. ते काम त्याच चिपेत किंवा शेजारी बसविलेल्या नियंत्रकाकडे सोपविलेले असते. प्रोसेसरने नियंत्रकाच्या ठरावीक कोठ्यांत आज्ञा लिहावयाची, नियंत्रकाने ती तारेवर पार पाडावयाची आणि काम संपताच संकेत देऊन वर्दी द्यावयाची.

आता मुख्य प्रश्न असा की, प्रोसेसरवर चालणाऱ्या प्रणालीस हे नियंत्रक आणि त्यांच्या तारांवरील चिपा कळाव्यात कशा? आपण संगणकास यूएसबीचा माउस जोडतो तेव्हा तो माउस आपला निर्माता आणि आपला प्रकार यांची ओळख स्वतःच सांगतो. पीसीआयच्या कार्डाचीही हीच रीत. परंतु आय-टू-सीवरील चिपेस असा कोणताही परिचय देता येत नाही. तिचा पत्ता उच्चारला असता ती फक्त हजर असल्याचे कळविते. ती घड्याळाची चिप आहे, तापमापक आहे की स्मृतिचिप आहे, हे तारेवरून कळण्याची सर्वमान्य सोय नाही. एसपीआयच्या चिपा तर पुष्कळदा हजेरीदेखील देत नाहीत. मग प्रत्येक पत्त्यावर हाक मारून आणि उत्तरांवरून तर्क करून पाहावे, असे कोणी सुचवील. परंतु असे चाचपडणे निर्धोक नसते. आयबीएमच्या काही थिंकपॅड संगणकांत तापमान तपासण्यासाठी बसवरील पत्ते चाचपडणाऱ्या आज्ञावलीमुळे स्मृतिचिपेतील मजकूर बिघडून ते संगणक निकामी झाल्याचा अनुभव या शतकाच्या आरंभीच लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या वर्तुळात आला होता. जे यंत्र स्वतः बोलत नाही त्याची ओळख दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलीच पाहिजे. त्यास पर्याय नाही.

पूर्वी ही ओळख लिहिली जात नसे असे नाही. ती आज्ञावलीच्या पोटात लिहिली जात असे. प्रत्येक बोर्डासाठी लिनक्सच्या गाभ्यात म्हणजे कर्नलमध्ये एक वेगळी सी भाषेतील फाइल असे आणि तीत पत्ते, संकेतांक, वेग असे सारे तपशील आज्ञांच्या ओळींत गुंतलेले असत. मोबाइल फोनांमुळे एआरएम जातीचे प्रोसेसर घरोघर पोहोचले, तशी या फाइलींची संख्या बेसुमार वाढली. एकाच नियंत्रकाचे वर्णन शेकडो ठिकाणी, थोड्याथोड्या फरकाने, पुन्हा पुन्हा लिहिले जाऊ लागले. मार्च २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी या अनागोंदीबद्दल जाहीरपणे तीव्र नापसंती व्यक्त केली, आणि त्यानंतर एआरएमच्या क्षेत्रात डिव्हाइस ट्रीचा स्वीकार झपाट्याने झाला. ती कल्पना मात्र नवी नव्हती. सन कंपनीच्या संगणकांतून विकसित झालेल्या ओपन फर्मवेअर या पद्धतीत यंत्राचे वर्णन वृक्षाच्या रूपाने ठेवण्याची सोय होती. ती १९९४ साली मानक म्हणून मान्य झाली, आणि २००५ च्या सुमारास पॉवरपीसी प्रोसेसरांसाठी तिचे सुटसुटीत रूप लिनक्समध्ये आले होते. एआरएमच्या जगाने तेच उचलले.

या दप्तराचे एक पान प्रत्यक्ष उघडून पाहू. रास्पबेरी पाय हा हातात मावेल एवढा संगणक २०१२ साली बाजारात आला आणि त्याच्या आरंभीच्या आवृत्तीत ब्रॉडकॉम कंपनीची बीसीएम २८३५ ही चिप होती. तिच्यातील एका आय-टू-सी नियंत्रकाची नोंद जेमतेम आठ-दहा ओळींची आहे. शीर्षातच नियंत्रकाचा प्रकार आणि त्याचा पत्ता येतो. हा पत्ता सोळा-आधारी अंकलेखनात ७ई८०४००० असा आहे. पुढील ओळ कम्पॅटिबल या नावाची. तीत निर्मात्याचे संक्षिप्त नाव, स्वल्पविराम आणि चिपेचे नाव अशा ठरावीक शैलीत नियंत्रकाची जात सांगितलेली असते, आणि ती वाचूनच कर्नल त्या जातीचा नियंत्रक चालविणारी योग्य ती आज्ञावली, म्हणजे ड्रायव्हर, नेमतो. त्यानंतर रेग या ओळीत पत्ता पुन्हा देऊन, त्या पत्त्यापासून ४०९६ बाइटांचे क्षेत्र या नियंत्रकाच्या ताब्यात आहे, असे नमूद होते. इंटरप्ट्स या ओळीत २ आणि २१ असे दोन आकडे आहेत. काम संपल्याची वर्दी दुसऱ्या गटातील एकविसाव्या संकेतावर येईल, असा त्यांचा अर्थ. क्लॉक्स ही ओळ नियंत्रकास घड्याळाचे ठोके कोठून मिळतात ते सांगते.

यानंतरच्या दोन ओळी वरकरणी क्लिष्ट वाटतात, परंतु त्यांत सीरियल बसचे मर्म साठविलेले आहे. या नियंत्रकाच्या पोटी ज्या चिपांच्या नोंदी येतील त्यांचा पत्ता एका आकड्यात लिहावा आणि क्षेत्रफळासाठी आकडा मुळीच लिहू नये, असे त्या सांगतात. स्मृतीतील नियंत्रकास पत्त्याबरोबर क्षेत्रही असते, म्हणून त्याच्या नोंदीत ४०९६ हा आकडा आला. परंतु आय-टू-सीच्या तारेवर बसलेल्या चिपेस केवळ एक पत्ता असतो, विस्तार नसतो. हा भेद कागदावर उतरविल्यावाचून नोंद पुरी होत नाही.

शेवटची ओळ स्टेटस या नावाची आणि तिचे मूल्य डिसेबल्ड, म्हणजे बंद, असे असते. याचे कारण नोंदींच्या वाटणीत आहे. मूळ चिपेचे वर्णन एका सामाईक फाइलीत येते आणि चिपेच्या निर्मात्याने जे जे नियंत्रक आत बसविले त्या सर्वांची नोंद तेथे बंद स्थितीत असते. कारण कोणत्या नियंत्रकाचे पाय बाहेर काढून त्यांस खरोखर तारा जोडल्या, हे बोर्ड बनविणाऱ्यासच ठाऊक असते. बोर्डाची फाइल वेगळी असते. ती सामाईक फाइलीस सामील करून घेते आणि वापरात असलेल्या नियंत्रकापुढे ओके असा शेरा मारते. या वाटणीचा लाभ मोठा आहे. पहिल्या रास्पबेरी पायमध्ये प्रोसेसरला नियंत्रकांचे क्षेत्र २०००००००पासून दिसे, तर पुढच्या दोन पिढ्यांत ते ३एफ००००००पासून दिसू लागले. तरीही आय-टू-सीची मूळ नोंद बदलावी लागली नाही. पत्त्यांचे रूपांतर सांगणारी वरच्या शाखेतील एक ओळ बदलली आणि खालच्या साऱ्या नोंदी होत्या तशाच खऱ्या राहिल्या.

नोंदीतील चूक कशी उद्भवते आणि कशी निस्तरते, ते दोन उदाहरणांनी स्पष्ट होईल. समजा, आमच्या शहरातील एखाद्या विद्यार्थ्याने रास्पबेरी पायला वेळ राखणारी डीएस १३०७ ही चिप आणि हालचाल मोजणारी एमपीयू ६०५० ही चिप, अशा दोन्ही एकाच आय-टू-सीवर जोडल्या. दोघींचा कारखान्यात ठरलेला पत्ता सोळा-आधारी ६८, म्हणजे दशमानात १०४, असा एकच आहे. नोंद लिहिताना दोघींच्या शीर्षात तोच आकडा येताच डिव्हाइस ट्रीचा कंपाइलर इशारा देतो. त्याकडे दुर्लक्ष केले तर कर्नल दुसऱ्या चिपेची नोंदणी नाकारतो. विद्यार्थ्यास येथे दप्तरात खाडाखोड करून भागत नाही. एमपीयू ६०५० वर पत्ता बदलण्यासाठी एक पाय ठेवलेला आहे. तो उच्च दाबास जोडला की तिचा पत्ता ६९ होतो. तार प्रथम बदलावी लागते आणि मगच नोंद. नुसती नोंद बदलली तर दप्तर स्वच्छ दिसते, कर्नल नोंदणी नाकारीत नाही, परंतु तारेवर ६८ या हाकेला दोघीही उत्तर देतात, ६९ ला कोणीच देत नाही, आणि दोष शोधण्यात दिवस जातो.

याच दोन चिपांचा वेगही सारखा नाही. एमपीयू ६०५० सेकंदास चार लक्ष बिटांचा वेग सहन करते. डीएस १३०७ ची मर्यादा एक लक्षाची आहे. हालचालीचे आकडे लवकर मिळावेत म्हणून बसचा वेग सांगणाऱ्या क्लॉक-फ्रीक्वेन्सी या ओळीत चार लक्ष असा आकडा लिहिण्याचा मोह साहजिक असतो. परंतु ही ओळ नियंत्रकाची असते, म्हणजे त्या तारांवर बसलेल्या सर्वांची असते, आणि वेग सर्वांत मंद चिपेच्या मानानेच ठरवावा लागतो. हा नियम मोडला असता यंत्र तत्काळ बंद पडत नाही, हीच खरी अडचण. बहुतेक वेळा ते चालतेही, आणि केव्हातरी, उन्हाच्या तडाख्यात किंवा तारा लांबल्यावर, वेळेचा एखादा आकडा चुकीचा वाचला जातो.

दुसरे उदाहरण वाळूजच्या औद्योगिक वसाहतीच्या अधिक जवळचे आहे. बजाज ऑटोचा तेथील कारखाना १९८५ साली सुरू झाला आणि त्याच्या आसपास सुटे भाग बनविणाऱ्या उद्योगांचे एक मोठे जाळे उभे राहिले. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून अधिक क्षमतेच्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, आवश्यक झाले आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहाचे प्रदूषण-निकष अमलात आले. या दोहोंमुळे पूर्वी बव्हंशी यांत्रिक असलेल्या दुचाकीत नियंत्रक आणि त्यांस जोडणाऱ्या सीरियल बस यांचे महत्त्व वाढले. कॅनवरील संभाषण तपासण्यासाठी प्रयोगशाळांतून मायक्रोचिप कंपनीच्या एमसीपी २५१५ या चिपेचा स्वस्त बोर्ड सर्रास वापरला जातो. ही चिप स्वतः कॅनची नियंत्रक आहे, परंतु रास्पबेरी पायला ती एसपीआयच्या तारांनी जोडलेली असते. म्हणजे एका सीरियल बसच्या नियंत्रकाच्या अमलाखाली दुसऱ्या सीरियल बसचा नियंत्रक बसला. आणि नोंदही तशीच, एसपीआयच्या पोटी, निवडीच्या तारेच्या क्रमांकासह आणि कमाल वेगासह लिहावी लागते.

या नोंदीत आणखी एक आकडा अपरिहार्य असतो, आणि तो म्हणजे चिपेस घड्याळाचे ठोके देणाऱ्या बोर्डावरील स्फटिकाची कंपनसंख्या. रास्पबेरी पायच्या तयार नोंदीत ती सेकंदास १ कोटी ६० लक्ष धरलेली आहे. परंतु बाजारातील अनेक स्वस्त बोर्डांवर ८० लक्ष कंपनांचा स्फटिक बसविलेला असतो. नोंद तशीच ठेवून कॅनचा वेग पाच लक्ष बिटे मागितला, तर ड्रायव्हर आपले सर्व गणित १ कोटी ६० लक्षांवर बरोबर करतो आणि तारेवर मात्र अडीच लक्षांचा वेग उतरतो. चिप सुरू होते, कर्नल काही तक्रार करीत नाही, तारा पक्क्या असतात, आणि तरीही समोरच्या नियंत्रकाशी एक शब्दही जुळत नाही. कितीतरी नवशिक्यांनी या दोषापायी तारा बदलल्या, चिपा बदलल्या, बोर्डही बदलले. वास्तविक स्फटिकाच्या धातूच्या टोपीवर कोरलेला आकडा वाचून दप्तरातील एक ओळ दुरुस्त करणे एवढेच आवश्यक होते.

अशा चुका टळाव्यात म्हणून नोंदी कशा लिहाव्यात याचेही नियम ठरविलेले आहेत. महसूल खात्यात जसे गाव नमुने असतात आणि कोणत्या रकान्यात काय लिहावे हे ठरलेले असते, तसे डिव्हाइस ट्रीत प्रत्येक जातीच्या नियंत्रकासाठी बाइंडिंग नावाचे एक विधान असते. बीसीएम २८३५ च्या आय-टू-सी नियंत्रकाचे बाइंडिंग सांगते की जात, पत्ता, वर्दीचा संकेत आणि घड्याळाचा स्रोत या चार गोष्टी अनिवार्य आहेत, आणि बसचा वेग ऐच्छिक. पूर्वी ही विधाने साध्या इंग्रजी मजकुरात असत आणि त्यांचे पालन झाले की नाही हे माणसाने डोळ्यांनी पाहावे लागे. २०१९ च्या सुमारास ती यॅमल नावाच्या काटेकोर लेखनपद्धतीत आणण्याचे काम सुरू झाले. तेव्हापासून बाइंडिंग स्वतः शुद्ध आहे की नाही, आणि एखाद्या बोर्डाची फाइल त्यास धरून आहे की नाही, या दोन्ही गोष्टी यंत्राकडून तपासता येतात. अनिवार्य ओळ राहिली, आकड्यांची संख्या चुकली, नावात अक्षर बदलले, तर फाइल पुढे जाण्यापूर्वीच ती चूक उघड होते.

या नियमांत एक तत्त्व असे आहे की ज्यावर नोंदी तपासणारे लोक कधीही तडजोड करीत नाहीत. या दप्तरात यंत्र जसे आहे तसेच लिहावयाचे. ते कसे वापरावे याविषयीची आपली इच्छा, सोय किंवा एखाद्या ड्रायव्हरची गरज त्यात घुसडावयाची नाही. आज लिनक्स आहे, उद्या दुसरी प्रणाली येईल. वर्णन दोघींनाही खरे वाटले पाहिजे. झेफर या २०१६ साली पुढे आलेल्या छोट्या प्रणालीनेही हीच भाषा स्वीकारली आहे. एकदा प्रसिद्ध झालेल्या नोंदीचा अर्थ पुढे बदलू नये, जुन्या यंत्राची जुनी फाइल नव्या कर्नलवरही चालली पाहिजे, असाही दंडक आहे, आणि तो सर्वथा न्याय्य आहे. कारण एकदा विकलेले यंत्र दहा-दहा वर्षे कोठेतरी सेवेत असते आणि त्याची नोंद लिहिणारा माणूस तोवर दुसऱ्या कामाला लागलेला असतो.

या सर्वाचा आमच्या शहराशी संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील. तो संबंध निकटचा आहे. येथे १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे; डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरात इलेक्ट्रॉनिक्सच्या आरेखनाचे शिक्षण देणारी केंद्र सरकारची संस्था आहे, जी पूर्वी सीईडीटीआय या नावाने ओळखली जाई आणि आज नायलिट म्हणून ओळखली जाते. चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा येथे वसाहती आहेत. शेंद्रा-बिडकीन येथे ऑरिक हे नियोजित औद्योगिक नगर उभे राहत आहे, आणि तेथे विद्युत दुचाकींचा कारखाना काढण्याची घोषणा एथर एनर्जीने २०२४ साली केली आहे. म्हणजे शिकविणारे आहेत, घडविणारे आहेत आणि विकत घेणारेही आहेत. उणीव आहे ती वर्णन लिहिणाऱ्यांची. बोर्ड येथे जोडला जातो, परंतु त्याची डिव्हाइस ट्री पुष्कळदा चिपेच्या परदेशी निर्मात्याच्या नमुना-बोर्डावरून उतरवून घेतली जाते आणि तीत आपल्या बोर्डावर नसलेल्या चिपांच्या नोंदी तशाच राहून जातात. ज्याने यंत्राची नोंद स्वतः लिहिली नाही त्यास त्या यंत्राचा पुरा ताबा मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. दुरुस्तीची वेळ येते तेव्हा हे सत्य महागात पडते.

हे काम अवघड असले तरी गुप्त नाही. लिनक्समधील सर्व बाइंडिंग्ज आणि हजारो बोर्डांच्या फाइली कोणासही मोफत वाचता येतात. कंपाइलर मोफत आहे, तपासणीची साधने मोफत आहेत, आणि सरावासाठी एक रास्पबेरी पाय, दोन-तीन चिपा आणि चार तारा एवढे साहित्य पुरते. अभियांत्रिकीच्या शिक्षकांनी आय-टू-सीचा धडा शिकविताना केवळ ठोक्यांची आकृती फळ्यावर काढून थांबू नये. त्या नियंत्रकाची नोंद विद्यार्थ्याकडून लिहवून घ्यावी, ती यंत्राकडून तपासून घ्यावी आणि तीत मुद्दाम एक चूक करवून तिचा परिणामही दाखवावा. उद्योजकांनी आपल्या बोर्डाच्या आरेखनाबरोबरच त्याची शुद्ध डिव्हाइस ट्री ही तयार मालाचा भाग मानावी आणि शक्य तेथे ती लिनक्सच्या सार्वजनिक संग्रहात दाखल करावी. तेथील परीक्षक कठोर असतात, परंतु त्यांच्या कसोटीस उतरलेली नोंद पुढे सर्वांच्या देखरेखीखाली राहते. आणि जे तरुण या वाटेस लागले आहेत त्यांना एवढेच सांगणे आहे की, आकडा लिहिण्यापूर्वी चिपेची माहितीपुस्तिका उघडा, बोर्डावरील स्फटिक आणि तारा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, आणि जे प्रत्यक्ष आहे तेच लिहा.